पिशवी (गर्भाशय) न काढता ॲडेनोमायोसिसवर उपचार: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

समोरची बाई खुर्चीत नीट बसायच्या आधीच थैलीतून सोनोग्राफीची फाइल काढते आणि टेबलावर ठेवते. "मॅडम, पिशवीला सूज आहे म्हणाले. काढावी लागंल का?" वय कधी ३४, कधी ३८, कधी ४३. तालुक्याच्या गावात स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मी रोज ऐकते. ओपीडीच्या गर्दीत दहा मिनिटांत त्याचं पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. ॲडेनोमायोसिसचा उपचार रिपोर्ट बघून ठरत नाही. तुम्हाला त्रास नेमका कशाचा आहे, मूल हवं आहे का आणि पाळी जायला अजून किती वर्षं आहेत, या तीन गोष्टींवर तो ठरतो.

रिपोर्टमध्ये "बल्की युटेरस" लिहिलंय. म्हणजे ॲडेनोमायोसिसच ना?

नाही. बल्की म्हणजे फक्त आकाराने मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. आपल्याकडे त्याला सरसकट "सूज" म्हणतात. मग बाईला वाटतं की आत काहीतरी पिकलंय, सडलंय. तसं काही नसतं.

ॲडेनोमायोसिसमध्ये पिशवीच्या आतल्या अस्तराच्या पेशी बाहेरच्या स्नायूच्या भिंतीत शिरतात. दर महिन्याला त्या हार्मोन्सना प्रतिसाद देतात आणि आजूबाजूचा स्नायू जाड होत जातो. म्हणून पाळीत कळा येतात, रक्त जास्त जातं, ओटीपोट जड वाटतं. फायब्रॉइडची गाठ आणि हा आजार यांतला फरक मी बायकांना स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. फायब्रॉइड म्हणजे मोदकातलं सारण. पारी उकलली की वेगळं काढता येतं. ॲडेनोमायोसिस म्हणजे पिठात चोळलेलं मोहन. ते आहे हे हाताला कळतं, पण वेगळं काढायला गेलं तर पीठही सोबत येतं. पुढचे सगळे उपचार आणि त्यांच्या मर्यादा या एका फरकातून समजतात.

निदानासाठी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी बहुतेकदा पुरते. शंका राहिली किंवा ऑपरेशन, एम्बोलायझेशन (धमनीतून नळी घालून रक्तपुरवठा तोडणं), हायफू (ध्वनिलहरींनी पेशी मारणं) यांचा विचार असेल, तर एमआरआय करावा. त्यात अस्तर आणि स्नायू यांच्यामधला थर मोजतात. तो १२ मि.मी. किंवा त्याहून जाड असेल तर ॲडेनोमायोसिस असण्याची शक्यता मोठी. आजार एकाच जागी गोळा झालाय की सगळ्या भिंतीत पसरलाय, सोबत फायब्रॉइड किंवा चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) आहे का, हे रिपोर्टमध्ये असायला हवं. नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा.

मला काहीच त्रास नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, त्यात निघालं.

मग उपचार नको. मूल हवं असेल तर मात्र एकदा भेटा.

याचा पुढे कॅन्सर होतो का?

ॲडेनोमायोसिस हा कॅन्सर नाही, आणि "कॅन्सर होईल" या भीतीपोटी पिशवी काढायची गरज नाही. पण जास्त रक्तस्राव कॅन्सरमुळेही होऊ शकतो. म्हणून ४५ च्या पुढे पाळीत बदल झाला असेल, किंवा वय कमी असूनही वजन जास्त, मधुमेह, वर्षानुवर्षं अनियमित पाळी असं काही असेल, तर आधी अस्तराचा तुकडा तपासून घ्यायचा. बारीक नळीने ओपीडीतही ते होतं. गर्भाशयमुखाची तपासणीही सोबत उरकून घ्यावी. एम्बोलायझेशन, हायफू किंवा अस्तर जाळणं यांच्या आधी तर हे तपासणं सोडायचंच नाही.

पिशवी काढली की कटकटच संपते. शेजारच्या तिघींनी काढली. मीच का वाचवू?

हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं, आणि बोलणारी बाई चुकीचं बोलत नसते. पिशवी काढली की हा आजार खरंच संपतो, पाळी थांबते. पण पस्तिशीत पिशवी काढताना सोबत अंडाशयही काढून टाकले, तर एका दिवसात पाळी गेल्यासारखी अवस्था होते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. अंडाशय ठेवले तरी ते थोडे लवकर थकू शकतात. शिवाय ऑपरेशन म्हटलं की भूल, रक्तस्राव, मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा, हे धोके आलेच. ज्या बाईला पाळी जायला पंधरा वर्षं आहेत, तिने हे सगळं ऐकून मग ठरवावं.

आपल्या राज्याला हा विषय नवा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीत फडावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा ठिकाणी "पिशवी काढली की सुटका" हे वाक्य किती सहज पटत असेल! २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं राबवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. पण न्यायालयाचा आदेश तुमच्यासोबत ओपीडीत येत नाही. तिथे तुम्हालाच विचारावं लागतं: "मॅडम, याच्या आधी दुसरं काय करता येईल?"

मग सुरुवात कशाने करायची?

रक्ताने. सोनोग्राफीच्या आधी मी एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) बघते. बायांचं एचबी १२ च्या वर हवं. ७ वर असलेली बाई दारातून आत येतानाच दम टाकत येते आणि तरी सांगते, "मला सवय आहे." हा थकवा वर्षानुवर्षं चालतो, आणि घरात त्याला आळस म्हणतात. लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा त्याच्या आगेमागे तासभर नको. पोटाला त्रास होत असेल किंवा एचबी फारच कमी असेल, तर शिरेतून लोह देतात. रक्त भरून काढणं हा उपचारच आहे. ते भरलं की पुढचा निर्णय घाईत घ्यावा लागत नाही. थायरॉईड आणि गर्भधारणेची तपासणीही याच वेळी.

आणि तीन महिने वही ठेवा. कोणत्या तारखेला किती पॅड, रक्ताच्या गाठी किती मोठ्या, कामावर जाता आलं का, गोळी घ्यावी लागली का. एका बाईने कॅलेंडरवर मुलाच्या स्केचपेनने लाल ठिपके काढून आणले होते. एका पॅडला एक ठिपका. एका पाळीला ४१ ठिपके. मला त्या दिवशी वेगळा रिपोर्ट लागलाच नाही.

नुसत्या दुखण्याच्या आणि रक्त कमी करायच्या गोळ्यांवर भागेल का?

बऱ्याच जणींचं भागतं. मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी कळा कमी करते आणि थोडंफार रक्तही. ती जेवणानंतर आणि पाळी सुरू होतानाच घ्यायची, कळ शिगेला पोचेपर्यंत वाट बघायची नाही. अंगावर पुरळ, ताप आला तर लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. ॲसिडिटी, अल्सर, किडनीचा आजार असणाऱ्यांनी स्वतःहून घेऊ नये. ट्रानेक्झॅमिक ॲसिड फक्त जास्त रक्त जातं त्या तीन-चार दिवसांत घेतात. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते घ्यायचं नाही. या गोळ्यांनी आजार मागे हटत नाही, पण महिना निभावतो. ज्यांना दिवस राहायला हवेत त्यांना हार्मोन देता येत नाहीत, तेव्हा ट्रानेक्झॅमिकचा मोठा आधार असतो. दुखण्याच्या गोळ्या मात्र त्या महिन्यांत डॉक्टरांना विचारूनच घ्या.

हार्मोनची तांबी म्हणजे काय? ती साध्या तांबीसारखीच का?

आकार तसाच, काम अगदी उलटं. तांब्याच्या तांबीने पाळीचं रक्त वाढू शकतं. या तांबीत तांबं नसतंच. ३२ मि.मी. लांबीच्या टी आकाराच्या प्लास्टिकवर ५२ मि.ग्रॅ. लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि सुरुवातीला ते रोज साधारण २० मायक्रोग्रॅम एवढं थेट पिशवीत झिरपतं. मिरेना हे नाव तुम्ही ऐकलं असेल. एचएलएल या भारतीय कंपनीचीही तांबी मिळते आणि ती स्वस्त पडते.

बाळंतपणं झालेल्या, रक्त खूप जाणाऱ्या बाईला माझं पहिलं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. काम पाच वर्षं चालतं, रोज गोळी लक्षात ठेवायची नाही, आणि कुटुंबनियोजनही होतं. अस्तर पातळ होतं, रक्त खूप कमी होतं, कळाही कमी होतात.

पण बसवल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत रोज थोडं थोडं अंगावरून जाऊ शकतं, हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्याच महिन्यात ती काढायला येते. मी हे दोनदा सांगते, नवऱ्याला नाहीतर सासूला समोर बसवून सांगते. पिशवी फार मोठी असेल, आतली पोकळी ताणलेली असेल, तर तांबी निसटून पडण्याची शक्यता वाढते. त्यासाठी कधी आधी दोन-तीन महिने इंजेक्शन देऊन पिशवी लहान करतात, मग बसवतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ही तांबी चालत नाही.

त्या तांबीने माझी पाळीच बंद झाली. घाण रक्त आत साठत असणार ना?

नाही, साठत नाही. पाळीचं रक्त म्हणजे घाण नव्हे. महिनाभर बाळासाठी तयार झालेलं अस्तर वापरलं गेलं नाही की गळून पडतं, तेच ते. तांबीमुळे अस्तर वाढतच नाही, तर गळणार काय? शेतात पीकच घेतलं नाही तर काढणी होत नाही. तांबी काढली की पाळी परत येते, दिवसही राहू शकतात. या एका गैरसमजापायी मी किती चांगल्या चाललेल्या तांब्या काढल्या आहेत! आजही काढते, कारण निर्णय बाईचा. पण आधी पीक-काढणी सांगते, आणि बऱ्याच जणी ते ऐकून तशाच परत जातात.

डायनोजेस्ट आणि तांबी यांत चांगलं काय?

दुखणं मुख्य असेल तर डायनोजेस्ट, रक्त मुख्य असेल तर तांबी, असं मी साधारण धरते. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी आहे. रोज २ मि.ग्रॅ.ची एक गोळी, खंड न पाडता, ठरलेल्या वेळी. जपानमध्ये झालेल्या एका चाचणीत १६ आठवड्यांत या गोळीने कळा प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) स्पष्ट कमी झाल्या होत्या. सोबत चॉकलेट सिस्ट असेल तर तिथेही फायदा होतो.

अडचण रक्ताची. पिशवी फार मोठी असली किंवा एचबी आधीच कमी असलं, तर या गोळीवर अवेळी आणि कधीकधी भरपूर रक्त जाऊ शकतं. म्हणून आधी एचबी सुधारायचं. मन उदास होणं, डोकं दुखणं, वजन थोडं वाढणं हेही होतं. पूर्वी नैराश्य आलं असेल तर ते डॉक्टरांना सांगाच, लाजू नका. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही, निरोध वापरायचा.

ते महागडं इंजेक्शन?

ल्युप्रोलाइड आणि त्याच्या भावकीतली औषधं. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी. ती अंडाशयांना झोपवतात, पाळी थांबते, पिशवी आकसते. पण बंद केल्यावर काही महिन्यांत सगळं पूर्वपदावर येतं, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त नुसतीच घेतली तर हाडं झिजतात. म्हणून मी यांच्याकडे पूल म्हणून बघते: ऑपरेशनच्या आधी, टेस्ट ट्यूब बेबीच्या आधी, किंवा पाळी जायला थोडेच महिने उरलेत तेव्हा.

हाताच्या शिरेतून नळी घालून पिशवीचं रक्त बंद करतात म्हणे?

शीर नव्हे, धमनी. यालाच एम्बोलायझेशन म्हणतात. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी पिशवीच्या धमन्यांपर्यंत नेतात आणि वाळूच्या कणांसारखे सूक्ष्म कण सोडून आजारी भागाचा रक्तपुरवठा तोडतात. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञाचं नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं (पडद्यावर बघत नळीतून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं) असतं. म्हणून लहान गावात कुणी त्याचं नावही काढत नाही. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत जावं लागतं.

पोट फाडायचं नाही, पूर्ण भूल नाही, एक-दोन दिवसांत घरी. २०१७ मध्ये १,०४९ रुग्णांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात सुमारे ८३ टक्के बायकांची लक्षणं कमी झाली होती. पण पहिला दिवस कठीण जातो. रक्तपुरवठा तुटल्यावर पिशवी जोरात कळवळते. पहिले २४ तास दुखण्याचं चांगलं औषध मिळणार आहे का, हे ॲडमिट व्हायच्या आधी विचारून घ्या. आठवडाभर बारीक ताप, मळमळ राहते. पिशवी लहान व्हायला तीन ते सहा महिने लागतात. काही जणींचा त्रास काही वर्षांनी परत येतो आणि त्यांना अखेर पिशवी काढावी लागते. पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायकांमध्ये अंडाशयांचं काम थांबण्याची शक्यता जास्त असते. पुढे मूल हवं असेल तर मी हा मार्ग सहसा सुचवत नाही.

हायफू?

भिंगातून ऊन एका ठिकाणी आणून कागद जाळतो ना, तसं ध्वनिलहरी पोटाबाहेरून आजारी भागावर एकवटतात आणि तिथलं तापमान ६० अंशांच्या वर नेऊन पेशी मारतात. चीनमध्ये याचा अनुभव फार मोठा आहे. आपल्याकडे मोजक्या शहरांत मोजकी केंद्रं आहेत. एकाच जागी गोळा झालेल्या आजारात जास्त उपयोग होतो. वाटेत आतडं येत असेल किंवा सिझरचा जाड व्रण असेल तर जमत नाही. कातडी भाजणं, पायाच्या नसेत दुखणं असे त्रास होऊ शकतात. त्यानंतर दिवस राहिल्याची उदाहरणं आहेत, पण भरवसा देण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. जाहिरातीत "एका तासात कायमची सुटका" असं लिहिलेलं दिसलं, तर तिथे फोन करू नका.

दुर्बिणीतून फक्त आजार काढता येत नाही का?

मोहनाचं उदाहरण आठवा. एका जागी गोळा असेल तर बराचसा काढता येतो. पसरलेला असेल तर थोडा राहतोच आणि भिंत पातळ होते. जपानचे डॉ. हिसाओ ओसादा यांनी यासाठी भिंतीचे तीन पदर एकावर एक शिवायची पद्धत काढली. २०११ मध्ये त्यांनी १०४ रुग्णांचा अनुभव मांडला. मूल हवं असलेल्या २६ जणींपैकी १६ जणींना दिवस राहिले आणि १४ जणी पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या. ते पोट उघडून केलेलं ऑपरेशन होतं, आणि फार मुरलेल्या हाताचं.

यात फायब्रॉइडच्या ऑपरेशनपेक्षा गरोदरपणात पिशवी फाटण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे निदान सहा महिने ते वर्षभर थांबायचं, नंतर सिझर, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच. सर्जनला स्पष्ट विचारा: "अशी किती ऑपरेशनं केलीत?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

अस्तर जाळलं तर?

मूल नको असेल आणि आजार वरवरचा असेल तरच. खोलवर गेलेल्या आजारात अस्तर जळतं, भिंतीतल्या पेशी तशाच राहतात आणि कळा सुरूच राहतात. नंतर दिवस राहणं धोक्याचं असतं, म्हणून गर्भनिरोधन लागतंच.

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, आणि आता हे निघालं.

आधी एवढं ऐका. ॲडेनोमायोसिस असलेल्या कितीतरी बायकांना आपोआप दिवस राहतात. म्हणून दोघांच्याही तपासण्या करा, नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यात आधी. पिशवीचा रिपोर्ट हातात असला की नवऱ्याची तपासणी मागे पडते, हे मी पुन्हा पुन्हा बघते.

या आजारात गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते आणि गर्भपाताची थोडी वाढते, हेही खरं. टेस्ट ट्यूब बेबी करायची वेळ आली तर बरेच तज्ज्ञ गर्भ तयार करून गोठवतात, दोन-तीन महिने इंजेक्शनने पिशवी शांत करतात आणि मग गर्भ पिशवीत सोडतात. ऑपरेशन हा इथे पहिला पर्याय नाही. वारंवार अपयश आलं आणि आजार एका ठिकाणी असला, तरच त्याचा विचार. दिवस राहिल्यावर वेळेआधी बाळंतपण आणि रक्तदाब यांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं.

काढा, ओव्याचं पाणी, शेक यांनी उतरतं का?

शेकाने कळा कमी होतात, जरूर घ्या. चालणं, योगासनं केल्याने बरं वाटतं. भिंतीत शिरलेल्या पेशी मात्र काढ्याने बाहेर येत नाहीत. आणि काढा घ्यायचा म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

मॅडम, मी तुमची बहीण असते तर काय सांगितलं असतं?

वय ३८, दोन मुलं, रक्त खूप जातंय: लोह आणि हार्मोनची तांबी, आणि सहा महिने धीर. वय ३२, मूल हवंय, कळा सहन होत नाहीत: दोघांच्या तपासण्या, आणि वेळ न दवडता वंध्यत्वतज्ज्ञ. वय ४१, तांबी दोनदा पडली, डायनोजेस्टने रक्त वाढलं: एम्बोलायझेशन करणाऱ्या डॉक्टरांना भेटायला पुण्याला मी स्वतः सोबत आले असते. वय ४९: एवढी वर्षं काढलीस, पाळी गेली की हा त्रास आपोआप विझतो, तोवर तांबीवर किंवा गोळ्यांवर निभावू.

आणि वय ४४, सगळं करून झालं, एचबी वर टिकत नाही, महिन्यातले दहा दिवस अंथरुणात जातात, मूल नको, आणि तीच म्हणते की आता पुरे: मग पिशवी काढू. तिथे तो अगदी योग्य उपचार आहे. फक्त अंडाशय काढायचे की ठेवायचे, हे वेगळं विचारून, वेगळी सही घेऊन ठरवायचं.

लगेच कधी यायचं?

तासाला एक पॅड असं सलग दोन तास भिजत असेल तर. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत धडधड होत असेल तर. पाळी चुकलेली असताना रक्त आणि कळा सुरू झाल्या तर. तांबीचा दोरा हाताला लागेनासा झाला किंवा तांबीचं टोक टोचायला लागलं तर. एम्बोलायझेशन किंवा हायफूनंतर ताप वाढत गेला, घाण वासाचं पाणी जायला लागलं तर. रात्रीचे दोन वाजले असले तरी या. "सकाळी बघू" असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना हा मजकूर वाचायला द्या.